पत्र्याचा कूलर आणि रोजच्या चार बादल्या

वस्तू: अठरा इंची पंख्याचा पत्र्याचा कूलर, टाकी सत्तर लिटरची, तीन बाजूंना गवत, रंग शेवाळी. किंमत मोटर आणि पंपासकट ७,२०० रुपये, लोखंडी स्टँडचे ६०० वेगळे. वापर: मार्चच्या शेवटापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रोज रात्री, आणि सुट्टीच्या दिवशी दुपारीसुद्धा.

आधी माझी अडचण सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी चिपळूणची. आमच्याकडे कूलर नावाची वस्तू कुणाच्या घरात मी पाहिलेली नाही. पंखा लावायचा, घामाने निथळायचं, संध्याकाळी अंघोळ करून परत निथळायचं, हा आमचा उन्हाळा. लग्न होऊन सोलापूरला आले ती डिसेंबरात, तेव्हा वाटलं, छान आहे की हवा. मार्च लागला आणि एक दिवस दुपारी गच्चीवर कपडे वाळत घातले. शेवटची चादर दोरीवर टाकेपर्यंत पहिला रुमाल कडक झाला होता. घाम येतो आहे हेच कळत नव्हतं, कारण तो बाहेर येतानाच वाळत होता. संध्याकाळी ब्लाऊजवर मिठाचे नकाशे.

आम्ही राहतो जुळे सोलापुरात, भाड्याच्या दोन खोल्यांत, दुसऱ्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. ज्यांनी स्लॅबखाली मे महिना काढला नाही त्यांना हे कसं सांगू? पारा ४२-४३ असतो, तो सगळ्यांनाच असतो. पण रात्री अकराला भिंतीला पाठ टेकली की भाकरी उतरवल्यानंतरच्या तव्याची आठवण येते. दुपारी तीनला नळ सोडला तर काळ्या टाकीतलं पाणी बोटाला चटका देतं. नवरा म्हणतो, एप्रिल-मे आपला गिझर फुकट. विनोद बरा आहे, पण दर वर्षी तोच करतो असं सासूबाईंनी नंतर सांगितलं.

कूलरच्या आधी आम्ही गावठी उपाय केला. खिडकीला ओली सोलापुरी चादर. नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, त्यामुळे घरात चादरी आणि टॉवेलांना तोटा नाही. पण एक सांगते, सोलापुरी चादर कोरडीच वजनाला भारी, भिजवली की धोब्याचं गाठोडं होतं. पहिल्याच रात्री पडद्याची दांडी खिळ्यांसकट खाली. दुसऱ्या रात्री टॉवेल लावले, ते दीड तासात कोरडे. मग मध्यरात्री उठून टॉवेल भिजवायचे कुणी, यावरून लग्नानंतरचं आमचं पहिलं खरंखुरं भांडण झालं. एसीचा विचार केला होता. घर भाड्याचं, वायरिंग जुनं, आणि दोन वर्षांनी घर बदललं तर तो काढा, पुन्हा लावा. सोडून दिला.

सोलापुरात जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपली की कूलर फुटपाथवर येतात. पूर्व भागात एका गल्लीत पत्र्याचं काम करणाऱ्यांची दुकानं आहेत. दुकान म्हणजे पुढे ओळीने उभे कूलर, मागे पत्रा कापायचं मशीन, रंगाचा वास आणि कोपऱ्यात गवताचे ढीग. हे गवत म्हणजे लाकडाच्या केसासारख्या बारीक सळया. नव्या गवताला पाणी लागलं की सुताराच्या दुकानात पाऊस पडल्यासारखा वास येतो. मला तो फार आवडला, आठवडाभर टिकतो. दुकानदार पोराशी तेलुगू, फोनवर हिंदी आणि आमच्याशी मराठी बोलत होते, आणि तिन्ही भाषांत एकाच वेळी भाव करत होते.

त्यांनी विचारलं, "पंखा नऊशेचा पाहिजे का चौदाशेचा?" मला वाटलं रुपये. ते मिनिटाचे फेरे निघाले. चौदाशेचा चालू करून दाखवला तर समोरच्या रिक्षातल्या बाईंचा पदर उडाला, आणि नवरा मला काहीतरी सांगत होता ते फक्त ओठांवरून कळत होतं. "एवढं वारं हॉलला लागतं वहिनी, झोपायच्या खोलीला नऊशेचाच न्यावा," हे दुकानदारांनी स्वतःहून सांगितलं. महागडा गळ्यात मारता आला असता, मारला नाही. याचे गुण मी त्यांना देते. पत्र्याचं पण तसंच. पत्रा गेजवर मोजतात आणि आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे उलटं गणित मला तिथे कळलं. त्यांनी दोन कूलरांच्या पोटावर मूठ मारून दाखवली. एक ढब्ब वाजला, एक खणखणला. खणखणणारा चारशेनं स्वस्त होता. ढब्ब घेतला. तळाला पाणी सतत उभं राहतं, तिथं पातळ पत्रा दोन हंगामांत गंजून गळायला लागतो म्हणे.

कंपनीचे प्लास्टिकचे कूलरही आम्ही आधी शोरूममध्ये बघून आलो होतो. दिसायला देखणे, चाकं, रिमोट, मधाच्या पोळ्यासारखे जाड कागदी पॅड. ती पॅडं दोन-तीन हंगाम जातात, गवत एकच. पण साधारण तेवढ्याच वाऱ्याचा कूलर बारा हजारांच्या पुढे, आणि मोटर बिघडली तर कंपनीचा माणूस येईपर्यंत उन्हाळा संपेल अशी शेजारच्या काकूंची साक्ष. पत्र्याच्या कूलरची मोटर गल्लीतल्या कुठल्याही पोराला उघडता येते. आम्ही त्यावर गेलो.

आता पहिली रात्र. कूलर टेम्पोतून आणला, दोघांनी कण्हत दोन मजले चढवला, बेडरूमच्या कोपऱ्यात ठेवला, पाणी भरलं, आणि गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून दारं-खिडक्या गच्च लावून घेतल्या. पहिला अर्धा तास स्वर्ग. मी तर माहेरी फोन करून पंख्याचा आवाजसुद्धा ऐकवला. रात्री दोनला जाग आली तेव्हा उशी चिकट, चादर चिकट, अंगावर तोच ओळखीचा ओलसर थर. अंधारात क्षणभर मला वाटलं मी चिपळूणला आहे. खरंच सांगते, जवळजवळ आठ हजार रुपये खर्चून आम्ही सोलापुरात कोकण तयार केलं होतं.

यातलं शास्त्र नवऱ्याला माहीत होतं आणि तरी त्याने दारं लावू दिली, हे मी अजून विसरलेली नाही. तो आधी सूतगिरणीत होता. तिथे हवा कोरडी पडली की सूत तुटतं, म्हणून बाहेरची हवा पाण्याच्या फवाऱ्यातून धुऊन आत सोडतात. कूलर म्हणजे त्याच यंत्राचं लहान पोर. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, ती उष्णता पाणी हवेतूनच ओढून घेतं, हवा गार होते पण ओली होते. एक लिटर पाणी वाफ होताना साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं, म्हणजे विजेच्या भाषेत पाऊण युनिटाच्या जरा आत. दारं बंद केली की तीच ओली हवा पुन्हा गवतातून फिरते, तिच्यात आणखी पाणी मावत नाही, आणि मग गार व्हायचं थांबतं. म्हणजे कूलरला एसीच्या बरोबर उलट वागवायचं. त्याची पाठ बाहेरच्या कोरड्या हवेकडे, आणि खोलीत आलेल्या हवेला दुसऱ्या बाजूनं निघून जायला एक खिडकी उघडी.

ते करायला कूलर बाल्कनीत न्यायला हवा होता, आणि बाल्कनी म्हणजे घरमालक काकांचा प्रांत. पाणी सांडेल, खाली पार्किंगमध्ये ओल येईल, वगैरे. शेवटी स्टँडखाली पसरट घमेलं ठेवायच्या अटीवर परवानगी मिळाली. खिडकीची एक काच सरकवून तोंड आत, भोवतीच्या फटीला थर्माकोल. समोरच्या स्वयंपाकघराची खिडकी चार बोटं उघडी. त्या दिवशी नवऱ्यानं कारखान्यातून थर्मामीटर आणला. संध्याकाळी पाचला बाल्कनीत ४१, कूलरच्या तोंडाशी २७, खोलीच्या मध्यात पलंगावर ३१. दहा अंशांचा फरक. ३१ हे ऐकायला काही गार नाही, चिपळूणला ३१ म्हणजे जीव जातो. इथं वारा अंगावर आणि हवा चिपळूणच्या मानानं कोरडी, त्या ३१ मध्ये पहाटे पायावर पांघरूण ओढलं.

गारव्याला माझे पूर्ण गुण. यापुढे हा पाण्याचा हिशोब आहे.

तो बाजारात कुणी सांगत नाही, कागदावर लिहिलेला नसतो. दुकानदार टाकी किती लिटरची ते सांगतात, ती किती वेळात रिकामी होते ते नाही. मी पंधरा लिटरच्या बादलीनं मोजलं. रात्री दहा ते सकाळी सहा, मधल्या वेगावर, चार बादल्या. सुट्टीच्या दिवशी दुपारी लावला तर आणखी दोन-तीन. वरच्या गणितानं बघा, तासाला सात-साडेसात लिटर वाफ होते, म्हणजे बऱ्यापैकी एसीनं खेचावी तेवढी उष्णता पाणी खेचून नेतं. वीज मात्र पंखा आणि पंप मिळून जेमतेम दोनशे वॅट, रात्रीचे दीड-पावणेदोन युनिट. बिलात महिन्याला साडेतीन-चारशेचा फरक पडला, तो मला जाणवलासुद्धा नाही. पण पाणी?

आमच्या भागात नळाला पाणी चार दिवसांनी येतं, कधी पाच. सोलापूरचं पाणी उजनीचं, शंभरावर किलोमीटरवरून, काही भीमेच्या पात्रातून सोडलेलं, काही पाईपातून. इथं उन्हाळ्यात लोक धरणाचा आकडा शेअर बाजारासारखा बोलतात. उजनीची क्षमता सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातला निम्म्याहून जास्त मृत साठा, म्हणजे वापराच्या हिशोबात न धरलेलं तळाचं पाणी; शून्य त्याच्या वरून मोजतात. म्हणून पेपरात "उजनी मायनसमध्ये" असं छापून येतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी नवऱ्याला विचारलं होतं, धरण शून्याच्या खाली कसं जाईल? तो म्हणाला, "जातं. आपल्या पगारासारखं."

तर अशा गावात रोज साठ लिटर पाणी हवेत उडवायचं. पाण्याच्या दिवशी मी हौद, टाकी, दोन ड्रम, कळशा, कुकरची भांडीसुद्धा भरते, आणि चार दिवसांचा वाटा काढते: प्यायला, स्वयंपाकाला, अंघोळीला, भांड्यांना, कूलरला. कूलरचा वाटा अंघोळीपेक्षा मोठा निघाला तेव्हा मी नवऱ्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. दोघांनीही कूलर बंद ठेवू असं म्हटलं नाही.

मग सुरू झाली काटकसर. प्यायच्या पाण्याच्या फिल्टरमधून जे पाणी वाया जातं ते मी बादलीत साठवायला लागले. रोज अख्खी बादली निघते, फुकट, स्वच्छ दिसतं. माझं मलाच कौतुक. तीन आठवड्यांत गवतावर पांढरा पापुद्रा आला, हाताने मोडला तर चुन्यासारखा. फिल्टर पाण्यातले क्षार गाळून त्या वाया जाणाऱ्या पाण्यातच सोडतो. म्हणजे दुप्पट खारं पाणी मी कूलरला पाजत होते. पाणी वाफ होऊन जातं, क्षार गवतात बसतात, गवत दगड होतं, वारा अडतो. बोअरच्या पाण्याचीही तीच गत. गवत नवीन घ्यावं लागलं, २४० रुपये. आता फिल्टरचं पाणी फरशी पुसायला, कूलरला नळाचंच. आणि टाकीचं तळचं पाणी दर आठवड्याला बूच काढून सोडून द्यायचं, नाहीतर टाकीतच क्षार घट्ट होत जातात.

त्या आठवड्याच्या सोडण्याला दुसरं कारण आहे. मेच्या मध्यात टाकीत टॉर्च मारला तर तळाशी बारीक काहीतरी वळवळत होतं. स्वल्पविरामासारखं वाकायचं, सरळ व्हायचं. डासांच्या अळ्या. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्याच पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यातून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आणि आमच्या घरात तर अशी साठवणीची भांडी ओळीने उभी! त्या दिवसापासून शुक्रवार हा कूलरचा कोरडा दिवस. बूच काढायचं, पाणी झाडांना आणि संडासाला, टाकीच्या भिंती घासायच्या, कारण अंडी पाण्याच्या रेघेजवळ चिकटलेली असतात, आणि तास-दोन तास वाळू द्यायची. काम कंटाळवाणं आहे. नवरा दर शुक्रवारी जास्तीची शिफ्ट घेतो असा माझा संशय आहे.

आता तक्रार. ही गंभीर आहे, म्हणून सविस्तर.

मे महिन्याची संध्याकाळ, मी अनवाणी, पाय ओले, बाल्कनीच्या फरशीवर पाणी सांडलेलं. एक हात बादलीला, दुसरा कूलरच्या पत्र्याला टेकला आणि मनगटापासून कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. आधी वाटलं नस आखडली. हात काढला, पुन्हा टेकवला (हा मूर्खपणा होता), पुन्हा तेच. मी ओरडले. नवऱ्यानं आधी मेन स्विच पाडला. मग मला चप्पल घालायला लावून आत बसवलं, फरशी पुसून कोरडी केली, स्विच चढवून पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. अख्ख्या कूलरच्या अंगात वीज होती.

कारण सापडलं ते इतकं साधं होतं की राग आला. पंपाची वायर पत्र्याच्या भोकातून आत जाते. त्या भोकाला रबराची चकती हवी, ती नव्हती. पत्र्याची धार वायरवर घासून घासून वरचं प्लास्टिक कापलं गेलं आणि तांबं पत्र्याला टेकलं. बरं, असं झालं तरी अर्थिंगनं निभावून न्यायला हवं होतं. पण कूलरला प्लग दोन पिनांचा होता. आणि वायरमनला बोलावून भिंतीतला बोर्ड उघडला तर तिसऱ्या भोकाची हिरवी वायर जोडलेलीच नाही, नुसती गुंडाळून मागे खुपसलेली. एकावर एक तीन चुका, आणि शेवटी माझा ओला हात.

दुकानात गेलो. मी तोंड उघडायच्या आधीच ते म्हणाले, "पोरगं नवं आहे, राहून गेलं असेल." मी म्हटलं, काका, पोरगं नवं आहे, पण मी पण नवीच आहे, अजून वर्ष झालं नाही लग्नाला. त्यावर ते गप्प झाले. तीन पिनांचा प्लग, तीन तारांची वायर, रबरी चकत्या, सगळं त्यांनी स्वतः घरी येऊन बदललं, पैसे घेतले नाहीत. फुटपाथवर उभे असलेले बाकीचे कूलरही तपासून घेतो म्हणाले. तपासले का ते बघायला मी परत गेले नाही. बोर्डाचं काम घरमालक काकांनी केलं, त्यात गळती पकडून वीज तोडणारं स्विचही बसवून घेतलं, अर्धे पैसे आमचे.

पत्र्याचा कूलर घेणार असाल तर दुकानातच वाकून ते भोक बघा. तीन पिना मोजा. घरातल्या बोर्डाला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून बघून घ्या. आणि पाणी भरताना प्लग काढा. स्विच बंद करून भागत नाही, प्लग हातात घ्या. आमच्याकडे आता नियम आहे, प्लग काढून बाल्कनीच्या दाराच्या कडीला अडकवायचा आणि मगच बादली उचलायची.

बाकी किरकोळ. पंप एकदा कोरडा चालून जळला, ३५० रुपये. टाकी संपली की पंप खर्रर्र असा घसा खरवडतो, तो आवाज झोपेत ओळखता आला पाहिजे. नवऱ्याला येत नाही. कारखान्यात रोज माग ऐकणाऱ्या माणसाला घरातला पंप काय ऐकू येणार? नऊशेचा पंखासुद्धा गप्प नाही. आमचं रात्रीचं बोलणं आता कूलर लावायच्या आधी उरकतं, किंवा वीज गेल्यावर. आणि वीज जाते. तेव्हा दोघं गच्चीवर चटई टाकतो. आसपासच्या सगळ्या गच्च्यांवर कुणी ना कुणी असतं, मराठी, कानडी, तेलुगू एकत्र ऐकू येतं, आणि कुठल्या तरी गच्चीवरून एकाच शब्दावर थांबणारं सोलापुरी "काय बे!" वीज आली की सगळ्या इमारतींतून एकदम पंखे सुरू होतात आणि माणसांचे आवाज विझतात. खरं सांगायचं तर त्या रात्री मला कूलरच्या रात्रींपेक्षा जास्त लक्षात आहेत.

वाऱ्याच्या तोंडाशी कोण झोपणार हाही प्रश्न असतो. नवऱ्याला थेट तोंडासमोर वारा लागतो, माझा त्यानं घसा धरतो. तोडगा: पुढच्या पट्ट्या त्याच्या बाजूला वळवल्या, मी भिंतीकडे. माझ्याकडे वळून वळून येणारा उरलेला वारा पुरतो.

एक वेगळीच गंमत कडक भाकरीची. सासूबाईंनी गावाहून टोपलीभर पाठवल्या होत्या. मंगळवेढ्याकडची ज्वारी, पापडासारखी पातळ, कुठूनही मोडा, टच्च आवाज. शेंगाचटणी आणि दही घेतलं की उन्हाळ्यात दुपारी चूल पेटवायलाच नको. या भाकरी महिनाभर टिकतात. मी टोपली बेडरूमच्या कपाटावर ठेवली होती, जागा नव्हती म्हणून. आठ दिवसांनी काढल्या तर मऊ, वाकणाऱ्या, चिवट. कडक भाकरीची साधी शिळी भाकरी झालेली. मीठ ओलं, माचिस पेटेना, पापड लोळागोळा. कूलरच्या खोलीत काहीही कुरकुरीत ठेवू नका. भाकरी उन्हात टाकल्या आणि तासाभरात परत कडक झाल्या. सोलापूरचं ऊन निदान त्या कामाला आलं. शेवया-कुरडयांनाही आलं, पण तो वेगळा विषय.

आणि हा कूलर बारमाही नाही, तीन महिन्यांचाही धड नाही. मेच्या अखेरीस वळीव पडला की हवेत ओल येते आणि त्याची जादू संपते. पहिल्या वळवानंतरच्या रात्री लावला तर परत चिपळूण. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवायचा. जूनच्या पहिल्या आठवड्यात गवत काढून टाकलं, टाकी वाळवली, तळाला रंगाचा हात मारला, आणि ती पहिल्या रात्री दांडी पाडणारी चादर त्याच्यावर पांघरली. आमच्या घरात या चादरीचा एवढाच उपयोग झाला.

सासूबाई मेमध्ये आठ दिवस राहून गेल्या. त्यांचं घर जुनं, माळवदाचं. लाकडी तुळया, वर हातभर माती, भिंती इतक्या जाड की खिडकीत माणूस बसतो. दुपारी आत गेलं की डोळ्यांना अंधार आणि अंगाला गारवा. त्यामुळे आल्या आल्या कूलरकडे बघून म्हणाल्या, "हे कशाला पाहिजे? खिडकी उघडी ठेवा की." पहिल्या रात्री हट्टानं हॉलमध्ये झोपल्या. दुसऱ्या रात्री उशी घेऊन आमच्या खोलीत आल्या, नवऱ्याची रवानगी हॉलमध्ये. कूलरच्या बरोबर तोंडासमोर, गळ्यापर्यंत चादर ओढून, सकाळी साडेसातपर्यंत. सासूबाई साडेसातपर्यंत झोपलेल्या त्यांच्या मुलानंही कधी पाहिलेल्या नव्हत्या.

निघायच्या दिवशी मी पाणी भरत होते. त्या बाल्कनीच्या दारात उभ्या राहिल्या. कडीला अडकवलेला प्लग बघितला, मग कूलर बघितला.

"ह्याच्यापेक्षा लहान येतो का गं?"

"येतो की आई. बारा इंचीसुद्धा येतो. विचारू का?"

"पाणी किती लागतं?"

"ह्याला रात्रीच्या चार बादल्या. लहानाला दोन-तीन लागत असतील."

त्यांनी रिकामी बादली उचलून हातात तोलून बघितली.

"चार बादल्यांत माझी एक म्हैस भागते," म्हणाल्या, आणि बादली परत जागेवर ठेवली.